वाघाच्या कानामागची बोटं

शिकारीचा जुना फोटो समोर आला की मी आधी वाघाचे कान बघते. बाकीचे लोक बंदूक बघतात, शिकाऱ्याच्या मिशा बघतात, वाघ नाकापासून शेपटीपर्यंत किती भरला असेल यावर बोलतात. मी कान बघते, मग जबडा, मग वाघाच्या पाठीमागची जागा, जिथे एखादा माणूस दडवता येईल. बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच आणि माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, मेला तो वाघ आणि मेला तो शिकारी, तू कशाला रक्त आटवतेस. त्यांना तोंडी सांगून झालंय. आता लिहून ठेवते.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. अंगाला रंग कुणीही फासतं, पण डोळ्यांना हात लागतो आणि तो माझ्याकडे होता. सकाळच्या एसटीने जाऊन पेणच्या रामवाडी स्टँडला उतरायचं, संध्याकाळी परत. गणपती कारखान्यातून गेले की ते काम मंदावायचं, मग मी रोह्यात एका फोटो स्टुडिओत टचिंग करायची. लोक बुरशी लागलेले, दुमडलेले, पाणी पडलेले फोटो आणायचे. कुणाला ग्रुप फोटोतला मेलेला माणूस एकटा हवा असायचा, म्हणजे त्याच्या खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात नाहीसा करायचा आणि त्या जागी खांदा भरायचा. मला ते बेमालूम जमायचं. गर्व होता म्हणा ना.

स्टुडिओच्या मालकाकडे एक जुना मोठा कॅमेरा होता, त्याची निगेटिव्ह पोस्टकार्डाएवढी यायची. तसली फिल्म तोवर मिळेनाशी झाली होती, म्हणून जुन्या फोटोची एकच निगेटिव्ह काढायची आणि सगळं काम तिच्यावरच करायचं. फोटोत पांढरट डाग असला तर निगेटिव्हवर तो काळा दिसतो, तो ब्लेडच्या टोकाने खरवडायचा. काळा डाग असला तर बारीक पेन्सिलीने भरायचं. प्रिंटवर हात फिरवला तर तिरक्या उजेडात कळतं, निगेटिव्हवर केलेलं काम कुणाच्या बापाला कळत नाही. हे वाक्य मालकाचं. तेव्हा मला ते ऐकून हसू यायचं.

दिवाळीनंतर एक वकील आले. त्यांचे आजोबा आमच्या डोंगरपट्टीचे खोत होते. आमचं गाव रोह्याजवळचं वरसे सोडून पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. खोती कधीच गेली, जमिनी कुळांच्या झाल्या, नातवंडं शिकून कुणी वकील, कुणी प्राध्यापक झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस बोलायला गोड होता. मला ताई म्हणाले, बसा बसा म्हणाले, जसं काही स्टुडिओ त्यांचाच. आजोबांची जन्मशताब्दी करायची होती, रोह्यात हॉल घेतला होता. आजोबांचा शिकारीचा फोटो मोठा करून, रंगवून स्टेजशेजारी लावायचा आणि तोच स्मरणिकेत छापायचा.

फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पार उडालेला. मधोमध खोत, अंगात कोट, पायात बूट, एक बूट वाघाच्या खांद्यावर, बंदूक उभी धरलेली. वाघ पोटावर पसरलेला, पण डोकं चांगलं वर उचललेलं, तोंड आपल्याकडेच केलेलं. उजव्या कडेला हाकेवाले. हाका म्हणजे डबे बडवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर मचाणाखाली आणून द्यायचं. तेवढं करून ही माणसं लंगोटीवर, हातात काठ्या घेऊन उभी होती, आणि कडेचा तर निम्माच आला होता, बाकीचा निम्मा फोटोग्राफरने बाहेर ठेवला होता.

वकिलांनी काय काय हवं ते सांगितलं. वाघाचे डोळे मिटल्यासारखे वाटतात, ते उघडे करा. तुम्ही डोळे छान काढता असं ऐकलंय. जबड्यात थोडा लाल रंग येऊ द्या. आणि मग वाघाच्या कानांवर आपलं बोट टेकवून म्हणाले, “इथे हे डाग आहेत बघा, तेवढे काढून टाका.”

आता बाबाचं सांगते. माझ्या बाबाची साऱ्या जन्मात एकच बढाई होती: खोताने वाघ मारला तेव्हा त्या वाघाचं डोकं मी धरलं होतं. लग्नात, बारशाला, खळ्यावर, चार माणसं बसली की हे निघायचंच. मग कुणीतरी विचारायचं, जिता का मेला, आणि सगळे हसायचे. बाबा म्हणायचा, फोटोत हाय, खोताच्या ओटीवर लावलेला हाय. पण खोताच्या ओटीवर आमच्यातलं कोण चढलं होतं खात्री करायला? सगळी अंगणात उभी राहणारी माणसं. पुढे खोतांचं ते घरही विकलं गेलं. बाबाला गावाने नाव पाडलं, वाघधऱ्या. शाळेत मी वाघधऱ्याची पोर होते. पोरं माझे दोन्ही कान धरून मला डरकाळी फोडायला सांगायची. मला त्या पोरांचा राग यायचा, पण खोटं कशाला सांगू, बाबाचा जास्त यायचा. एक थाप माणूस किती वर्षं मारणार?

तर तो फोटो माझ्या हातात आला होता. वकील गेल्या गेल्या मी भिंग घेतलं आणि एकेक हाकेवाला बघितला. बाबाची हनुवटी मी कुठेही ओळखीन. ती कुठेच नव्हती. कडेच्या निम्म्या माणसातही शोधली. वाघाजवळ तर खोताशिवाय कुणीच नव्हतं, डोकं धरणारा तर सोडाच. म्हणजे गाव खरं होतं आणि आम्ही भावंडं उगाच भांडून घरी येत होतो. असा संताप आला मला. त्याच संतापात मालकाने काढलेली निगेटिव्ह मी काचेवर लावली आणि कानांवरचे डाग खरवडायला घेतले. या कानाला चार-पाच पट्टे, त्या कानाला चार-पाच, सगळे धुरकट, हललेले, त्यातला एक जरा आखूड. तो आखूड आहे हे मला दिसलं होतं, हे मला अजून आठवतं. पंधरा मिनिटांत कान साफ झाले. मूळ फोटो मालकाने वकिलांना परत दिला आणि मी काम दाखवायला एक लहान प्रिंट काढून घेतली. तिचीच दुसरी प्रत स्मरणिकेसाठी छापखान्यात गेली.

माझी प्रिंट मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली. बाबाला तोंडावर पाडायचं एवढंच मनात होतं. दुपारी तो पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मी फोटो समोर धरला आणि म्हटलं, दाखव आता, कुठं आहेस तू. त्याने धोतराला हात पुसले, फोटो उजेडात नेला. माणसांकडे त्याने बघितलंही नाही. सरळ वाघाच्या डोक्याकडे गेला. डाव्या हाताचं बोट त्याने वाघाच्या कानावर ठेवलं, मग काढलं, मग परत ठेवलं, जणू आपल्याच बोटाने काही झाकलं जात असेल.

“माजी बोटं कुठं गेली गो?” तो म्हणाला.

मी विचारलं, कसली बोटं. आणि मग जे त्याने जन्मात कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. वाघ संध्याकाळी पडला होता. फोटोग्राफर पेणहून यायला दुसरा दिवस उजाडला, ऊन वर आलं. तोवर वाघ फुगला होता, माश्या घोंघावत होत्या. खोत आंघोळ करून, कोट घालून आले, पण वाघाचं डोकं काही उभं राहीना. दगड लावून बघितला, काठी लावून बघितली. मग खोतांनी बाबाकडे बोट केलं. तो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्याला वाघाच्या मागे पालथा निजवला, तोंड वाघाच्या पाठीत, आणि दोन्ही हातांनी कान धरून डोकं वर उचलायला लावलं. डोकं वर काढायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं नाही. फोटोग्राफर म्हणाला, बोटं दिसतायत. पण बोटं मागे घेतली की वाघ जमिनीवर हनुवटी टेकायचा. शेवटी खोत म्हणाले, असू दे. किती वेळ तसा धरून होता ते त्याला सांगता येईना. हात थरथरत होते, म्हणून बोटं हललेली आली. पुढे एकदा ओटीवरचं कपाट हलवायला त्याला बोलावलं, तेव्हा त्याने तो फोटो बघितला आणि आपली बोटं ओळखली. ओळखायला अवघड नव्हतंच. डाव्या हाताच्या एका बोटाचं वरचं पेर त्याला नाही, लहानपणी गवत कापताना विळ्याने गेलं.

मी विचारलं, हे कधी सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, लोकांना वाटायचं मी वाघाच्या बाजूला उभा असंन. वाटू दे म्हनलं. मेल्या वाघाच्या पाठी घाणीत तोंड घालून निजलो व्हतो, हे काय चारचौघांत सांगायचं हाय?

मी त्याला सांगितलं की ती बोटं मी खरवडली. मला त्याच्या तोंडून सणसणीत शिव्या हव्या होत्या. त्याने फोटो वर्तमानपत्रात नीट गुंडाळला आणि म्हणाला, तुला काय म्हायती. पुन्हा शेंगा सोलायला लागला. मला त्या क्षणी बाबाचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता, आणि त्याच्या शंभरपट माझा.

दुसऱ्याच दिवशी मी वकिलांच्या घरी गेले. मूळ फोटो परत द्या म्हटलं, मला निगेटिव्ह पुन्हा काढायची आहे, तुम्ही डाग म्हणालात ती बोटं आहेत. मला वाटलं होतं, चकित होतील. ते शांतपणे म्हणाले, “बोटंच आहेत, मला माहीत आहे. बोटं म्हटलं असतं तर तुम्ही प्रश्न विचारत बसला असता.” मेलेल्या वाघाचं डोकं कुणीतरी मागून धरलंय असं दिसलं की शिकारीची शान जाते, असंही त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या मुलीला समजावतात तसं. मी म्हटलं, ती माझ्या बाबाची आहेत. त्यांचा चेहरा उजळला. अरे वा, मग त्यांना कार्यक्रमाला नक्की आणा, पुढच्या रांगेत बसवू. मूळ फोटो मात्र मुंबईला भावाकडे गेला होता आणि तो नाजूक झाल्यामुळे आता हलवायचा नव्हता. चहा घेऊन जा म्हणाले. मी चहा घेतला नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम.

त्या आठवड्यात मी रोह्याच्या वाचनालयात जाऊन जुन्या इंग्रजी मासिकांचे बांधलेले गठ्ठे काढून बसले. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, चित्रं येत होती. राजे, साहेब, मडमा, हत्ती, आणि ओळीने मांडलेले वाघ, दारात वाळत टाकलेल्या सतरंज्यांसारखे. कुठे जबड्यात काठी अडकवून दात दाखवलेले, ती काठी भिंगाखाली दिसायची. कुठे वाघाच्या पोटामागून एक टाच बाहेर आलेली, कुठे कुणाची तरी मुंडाशाची कड. कडेला हाकेवाले असलेच तर कापलेले. हाताने काढलेली चित्रं तर अजून भारी, त्यांत वाघ कायम उडी मारतोय आणि साहेब कायम एकटा उभा आहे, रानातून तो वाघ आपणहून त्याच्या बंदुकीसमोर आल्यासारखा. डबे बडवून नरडं फाडणारे चारशे पावलं मागे राहिलेले. मेलेल्या वाघाला जिवंत दाखवायचं आणि जित्या माणसाला नाहीसं करायचं, एवढीच ती कला. आणि मी त्या कलेत तरबेज होते.

पण मोठा फोटो रंगवायचा बाकी होता आणि तो मलाच रंगवायचा होता. कार्यक्रमाला चार दिवस होते. मालकाला मी काही बोलले नाही, बोलले असते तर त्याने गिऱ्हाईक जाईल म्हणून ब्रश काढून घेतला असता. घरी मी बाबाला पडवीत पालथा निजवला, कांबळ्याची गुंडाळी समोर ठेवली आणि म्हटलं, धर तसं. त्याने धरलं. सत्तरीला आलेली बोटं, गाठी आलेली, नखं फुटलेली. मी विचारलं, तरण्या पोराची बोटं दाखवू का. तो कांबळ्यामागूनच म्हणाला, हायत तशी दाव, लोक वळखतील.

मी कागदावर ती टिपून घेतली आणि स्टुडिओत मालक जेवायला गेला की वाघाच्या कानांवर रंगाने घालत गेले, तो यायच्या आत वर कागद टाकून. दहाच्या दहा, आखूड बोटासकट. गणपतीच्या डोळ्यांनाही मी इतका जीव लावला नव्हता. वाघाचे डोळे मी उघडले नाहीत. मेलेल्याचे असतात तसेच अर्धवट ठेवले. कार्यक्रमाच्या सकाळी फोटो कागदात बांधून सरळ हॉलवर पोचवला आणि त्यांच्या माणसांनी वर पडदा टाकला.

इकडे बाबाने एक गोष्ट केली होती, जी मी त्याला सांगितली नव्हती. त्याने गावभर खरं सांगितलं होतं. आपण उभे नव्हतो, वाघामागे पालथे निजलो होतो, माश्यांत, आणि फोटोत आपली फक्त बोटं आहेत, ती बघायला या. पन्नास वर्षं सांभाळलेली लाज त्याने त्या चार दिवसांत मोडून टाकली, का तर फोटो आता लोकांसमोर लागणार होता. गावातून टेम्पो भरून माणसं आली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आला आणि वकिलांनी त्याला खरंच पुढच्या रांगेत बसवलं.

भाषणं झाली. पडदा काढला. बोटं तिथे होती, हॉलच्या मागच्या भिंतीपासूनही दिसतील एवढी. बाबा उठून उभा राहिला. वकिलांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग ते माईकवर हसून म्हणाले, आमच्या चित्रकार ताईंनी आपल्या कल्पनेने थोडी भर घातली आहे, कलावंताला तेवढं स्वातंत्र्य असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माईक हिसकावून घ्यायला हवा होता. मी खुर्चीचा हात धरून बसले, आणि त्या बसण्याची चीड मला आजही येते.

मग स्मरणिका वाटल्या. पहिल्याच पानावर फोटो, गुळगुळीत कागदावर, स्वच्छ छापलेला. कान साफ. खोत, बंदूक, वाघ, बस्स.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या गावची माणसं फोटोभोवती जमली. बाबा फोटोला खेटून उभा होता, डावा हात वर करून, आखूड बोट रंगवलेल्या आखूड बोटाशेजारी धरून. लोक एकदा हाताकडे बघत होते, एकदा फोटोकडे. दोघा-तिघांच्या माना हलायला लागल्या होत्या. बाबाच्याच वयाचे आमच्या शेजारचे काका पुढे आले. वाघधऱ्या हे नाव त्यांनीच पाडलेलं. त्यांनी स्मरणिका उघडली, पान मोठ्या फोटोच्या बाजूला धरलं, चष्मा वर-खाली करून दोन्हीकडचे कान निरखले.

“ह्या छापलेल्या फोटोत तं बोटं नायत,” ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काका माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती, उलट मायाच होती, लेकीने बापासाठी काहीतरी केलं याची. “खरं सांग गो बाय,” ते म्हणाले, “ही बोटं तूच काढलीस ना?”

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. बाबाही बघत होता, हात वर तसाच. सगळं सांगायला मी तोंड उघडलं. बोटं खरी होती, मी काढली, मग पुन्हा काढली. आणि हे कसं ऐकू जाणार ते माझं मलाच कळलं.

“व्हय,” मी म्हटलं. “मीच काढली.”

बाबाने हात खाली घेतला.